सकाळी कंबर आखडते, मान दुखते: गादी बदलावी की उशी?

रातकिडा

मंडळी, गादीबद्दल सल्ला हवाय. पलंग ७८ × ७२ इंचांचा, खाली सामान ठेवायचा बॉक्सवाला. त्यावर सहा इंची फोमची गादी, सात वर्षं वापरलेली. झोपणारे दोघं. एकाचं वजन ८५ किलो, तो कुशीवर झोपतो; दुसरीचं ५२, ती पाठीवर. त्याची कंबर सकाळी आखडलेली असते, पंधरा-वीस मिनिटांत सुटते. तिची मान दुखते. घर डोंबिवलीत तळमजल्यावर, पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

दुकानदारांपैकी एक म्हणतो ऑर्थोपेडिक घ्या, दुसरा मेमरी फोम, तिसरा काथ्या. घरातले ज्येष्ठ म्हणतात जमिनीवर सतरंजी टाकून झोपा, पाठ आपोआप सुधारेल. नेमकं काय बघून घ्यायचं? आणि उशी किती उंच हवी, हे मोजायची काही रीत आहे का?

फोमकर

नवी गादी राहू द्या, आधी खड्डा कुठे आहे ते शोधा. तो गादीत असेल किंवा खालच्या फळीत. फळीत असेल तर नवी गादीही काही महिन्यांत तोच आकार घेईल.

चादर काढा. गादीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुतळी ताणून धरा आणि जिथे कंबर येते तिथे सुतळीपासून खाली पट्टीने मोजा. अर्धा-पाऊण इंच चालतं. दीड इंच भरलं तर फोम मेला. मग तीच गादी जमिनीवर टाकून पुन्हा मोजा. खड्डा बराचसा नाहीसा झाला तर दोष फळीचा. एक मेख आहे: काही फोम रिकामा असताना सपाट दिसतो आणि वजन पडलं की बसतो. म्हणून कंबरेच्या जागी गुडघा रोवून दाबा, मग पायथ्याच्या कोपऱ्यात, जिथे कुणी झोपत नाही, तिथे दाबा. एका ठिकाणी गुडघा फळीला टेकला आणि दुसरीकडे नाही, तर निकाल लागला.

आता खरेदीचं. दुकानात ‘फॉर्टी डेन्सिटी आहे, म्हणजे कडक’ असं सर्रास सांगतात. ते चूक. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे. तो फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज त्यावरून येतो. कडकपणा वेगळा. ४० डेन्सिटीचा फोम मऊही बनतो आणि २८ चा कडकही. कमी डेन्सिटीचा कडक फोम दुकानात छान वाटतो आणि दीड-दोन वर्षांत बसतो, बहुतेक स्वस्त गाद्यांचं हेच होतं.

डेन्सिटी तपासायला वजनकाटा पुरतो. लांबी × रुंदी × जाडी इंचांत गुणा, ६१,०२४ ने भागा, घनमीटर मिळाले. त्याला डेन्सिटीने गुणलं की किलो. उदाहरणार्थ ७८ × ३६ × ५ इंचांची गादी ०.२३ घनमीटर भरते. ४० डेन्सिटी असेल तर नुसता फोम सव्वानऊ किलोच्या आसपास हवा, ३२ असेल तर साडेसात. खोळीचं वजन वेगळं. दुकानदार ४० म्हणतोय आणि गादी खोळीसकट सात किलो भरतेय, तर उठून बाहेर पडा.

काटाही फसवता येतो म्हणा. स्वस्त फोममध्ये वजन वाढवायला खडूची भुकटी मिसळतात. असा फोम चिमटीत धरून ओढला की पटकन तुटतो, बोटांना पांढरट पूड लागते आणि दाबून सोडल्यावर सावकाश, अर्धवट वर येतो.

खोळीला चेन असेल तर उघडून बघाच. चेन नाही आणि दुकानदार आतल्या थरांचा तुकडाही दाखवत नाही, तर ती गादी माझ्या मते घेऊ नये. आत रंगीबेरंगी तुकडे दाबून बनवलेला थर दिसला तर तो रिबॉन्डेड. तळाला असेल तर उत्तम, कारण तो सहसा बसत नाही. पण वरच्या बाजूला आला तर फरशीवर झोपल्यासारखं होतं. टीव्हीच्या खोक्यात येतो तसा पांढरा, हलका, कुरकुर आवाज करणारा थर दिसला तर ती ईपीई शीट. कडकपणा दाखवायचा तो स्वस्त उपाय. शीट दबली की परत फुगत नाही. ‘ऑर्थोपेडिक’ हा शिक्का म्हणजे डॉक्टरी प्रमाणपत्र नव्हे. त्या नावाखाली बहुधा रिबॉन्डेडच असतो, त्याच्या वर किती इंच मऊ थर आहे ते विचारा.

मेमरी फोमबद्दल एकच सांगतो. तो तापमानावर चालतो. उकाड्यात मऊ पडतो, एसीत कडक होतो. डोंबिवलीत मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत तो अंगाभोवती बसतो, वारा खेळत नाही आणि पाठ घामाने भिजते. घ्यायचाच असेल तर वरचा एक-दीड इंचाचा थर पुरे, चार इंच नको.

मणका_मित्र

फोमकरांनी गादी आतून उघडून दाखवली, मी अंगाच्या बाजूने लिहितो. व्यवसाय फिजिओथेरपीचा.

जमिनीवर झोपलं की पाठ सुधारते, ही समजूत फार जुनी. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना दोन गटांत विभागून एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम कडक गादी दिली होती. तो अभ्यास २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांची दुखणी जास्त कमी झालेली आढळली. कारण समजायला सोपं आहे. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि नितंबाच्या बाजूचं हाड हे दोनच उंचवटे भार घेतात. पृष्ठभाग कडक असेल तर ते रुतत नाहीत, मधली कंबर लोंबकळते आणि खांदा बधिर झाला की माणूस झोपेत कूस बदलत राहतो. फार मऊ असेल तर उलटं, नितंब खोल जातो आणि कणा झोळीसारखा वाकतो. ८५ किलोंच्या माणसाचं सध्या हेच होत असावं.

पाठीवर झोपणाऱ्यांसाठी तळव्याची चाचणी करा. गुडघे सरळ ठेवून निवांत झोपा आणि दुसऱ्या कुणाला तरी कंबरेच्या पोकळीखाली तळहात सरकवायला सांगा. हात अलगद आरपार गेला आणि वर जागा उरली तर गादी तुमच्यासाठी जास्त कडक. हात आतच शिरत नसेल तर जास्त मऊ. थोडा जोर लावून सरकला तर बरोबर. कुशीवर झोपणाऱ्याचा फोटो पाठीमागून काढा, अंगात घट्ट गंजी असू द्या. मानेच्या मुळाशी जे टोकदार हाड लागतं तिथपासून माकडहाडापर्यंतची रेघ साधारण आडवी, सरळ हवी.

यावरून हेही कळेल की ८५ किलोंना जी गादी मध्यम लागते ती ५२ किलोंना कडक लागणार. एकाच गादीत दोघांना खूश करायच्या नादात दोघंही अवघडतात. ७८ × ३६ च्या दोन स्वतंत्र गाद्या शेजारी-शेजारी टाका. जाडी दोन्हींची सारखीच ठेवा, कडकपणा ज्याचा त्याने निवडावा. मधल्या फटीचा त्रास वाटला तर दोन्हींवर मिळून दीड इंचाचा पातळ टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा पातळ थर, घाला. एकाने कूस बदलल्यावर दुसऱ्याची झोप मोडणंही यात बरंच थांबतं.

आता उशी. तिची उंची गादी ठरल्याशिवाय ठरत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. कुशीवर झोपणाऱ्याने भिंतीला खांद्याचा बाहेरचा भाग टेकवून ताठ उभं राहावं आणि कान ते भिंत हे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावं. त्यातून गादीत खांदा जितका रुततो तेवढं वजा करा. मध्यम गादीत साधारण एक ते दीड इंच. समजा अंतर साडेसहा भरलं, तर उशी पाच-सव्वापाच इंच हवी, आणि ही उंची डोकं ठेवल्यावरची. दुकानात फुगलेली दिसते ती नव्हे. गादी बदलून जास्त कडक केलीत की खांदा कमी रुततो आणि जुनी उशी बुटकी पडते. नवी गादी आल्यावर मान दुखू लागली अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत हे नेहमी दिसतं.

पाठीवर झोपणाऱ्याला डोक्याच्या भाराखाली तीन ते चार इंच पुष्कळ होतात. हनुवटी छातीकडे झुकत असेल तर उशी उंच आहे. छताकडे वर जात असेल तर बुटकी. पोटावर झोपणाऱ्यांनी डोक्याखालची उशी काढून ओटीपोटाखाली पातळशी ठेवावी. मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते, त्यामुळे ही सवय सुटली तर बरंच.

विकत घ्यायच्या आधी चादरींच्या घड्या करून उंची ठरवा. चादरींची थप्पी अभ्र्यात घालून चार-पाच रात्री झोपा, मग अर्धा इंच वाढवा किंवा काढा. जमली की ती उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीची उशी आणा. आणखी एक: उशीवर फक्त डोकं आणि मान. खांदा उशीवर चढवून झोपलात तर उंचीचं सगळं गणित फसतं.

कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये एक घट्ट उशी, अगदी घोट्यांपर्यंत येईल अशी. वरचा पाय पुढे पडून कंबर पिळते ते त्याने थांबतं. पाठीवर झोपणाऱ्यांनी तीच गुडघ्यांखाली घ्यावी.

वीस मिनिटांत सुटणारी आखड बहुतेकदा गादीची किंवा बैठ्या कामाची असते. पण ती सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि तीन महिने उलटले असतील, पहाटे दुखण्याने जाग येत असेल, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी. आणि जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं हे कुठल्याही उशीने जात नाही, त्याची तपासणी वेगळी असते.

पिंजारी_आळी

सगळे फोमवरच बोलताहेत, कापसाच्या गादीला कुणी वाली नाही वाटतं! दमट हवेत घाम शोषायला कापसासारखं काही नाही. पण ती करून घ्यायची तर डोळ्यांसमोर भरून घ्यावी. ३ × ६ फुटांच्या एका गादीला १० ते १२ किलो कापूस लागतो. सहा-सात किलोंत भरलेली गादी महिन्याभरात पापड होते.

कापसात भेसळ कशी ओळखायची? चिमूटभर घेऊन चिमट्यात धरून पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, वास कागद जळल्याचा, मागे भुरभुरीत राख. पॉलिस्टर असेल तर वितळून काळा, कडक मणी तयार होतो. रंगीत धागे, कापडाचे तुकडे दिसले तर तो चिंध्या पिंजून केलेला माल. तो धूळ सोडतो आणि त्याच्या गुठळ्या लवकर होतात.

टाके नीट आणि सारख्या अंतरावर हवेत, वीतभर अंतर ठीक. टाके विरळ असतील तर कापूस कडेला पळतो आणि मध्ये खोळीला खोळ लागते. दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यायची. पिंजताना धूळ आणि तुटका तंतू निघून थोडं वजन घटतं, म्हणून किलो-दोन किलो नवा कापूस घालायला सांगायचं. डबल बेडची एकसंध कापसाची गादी करू नका, ती २० किलोंच्या वर जाते, उचलून उन्हात नेणं कुणालाच जमत नाही आणि मग ती कधीच उन्हात जात नाही. वर दोन गाद्यांचा सल्ला दिलाय तो इथे तर फारच लागू.

ऊन: पंधरा दिवसांतून एकदा, दोन्ही बाजूंनी तीन-चार तास. हे फक्त कापसासाठी! फोम आणि लेटेक्स (रबराच्या चिकाचा फोम) कडक उन्हात टाकू नका, पिवळे पडून पिठासारखे झडतात. त्यांना सावलीत, वाऱ्यावर उभं करायचं.

उशीसाठी सावरीचा कापूस मिळाला तर बघा. हलका असतो, डोकं तापत नाही. तोटा असा की धुता येत नाही आणि बसतो लवकर, पण शिवण उसवून मूठ-दोन मूठ घालता-काढता येतो. मणका_मित्र म्हणतात ती अर्ध्या इंचाची जुळवाजुळव यात सहज होते.

फोमकर

कापसाशी भांडण नाही, पण ८५ किलोंच्या माणसाला नुसती चार इंची कापसाची गादी दोन वर्षं मध्यम राहत नाही, दाबून कडक होते. माझी शिफारस अशी: खाली चार इंच ४० डेन्सिटीचा मध्यम कडक फोम आणि वर पातळ कापसाची गादी किंवा जाड गोधडी. घाम ती शोषते आणि तिला उन्हात नेणं सोपं. ५२ किलोंच्या बाजूला तोच ४० डेन्सिटीचा, पण मऊ प्रतीचा फोम मागा.

काथ्याचं राहिलं. नारळाच्या सालीच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून शिजवलेला असतो, हवा छान खेळते, तळमजल्याला चांगला. पण तो दाबला की पूर्ण परत येत नाही. दर तीन महिन्यांनी उलटा आणि डोक्याकडची बाजू पायाकडे करा. खाली तपकिरी भुसा पडू लागला की तंतू तुटताहेत असं समजा.

नवी_आई

थोडं विषयांतर. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी वापरायला सांगतात. गादी-उशीचा धागा आहे म्हणून विचारते, ती चालते का?

बाळगुटी

नको. एक वर्षापर्यंत झोपताना कुठलीच उशी नको, मोहरीचीही नाही. तोंड तिच्यात दबू शकतं, आणि शिवण उसवली तर दाणे नाका-तोंडात जातात. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवा, चादर ताणून बसवलेली, आजूबाजूला मऊ खेळणी किंवा दुलई नाही. डोक्याचा चपटेपणा टाळायला जागेपणी, तुमच्या देखत, दिवसातून थोडा-थोडा वेळ पोटावर ठेवा आणि झोपवताना डोक्याची दिशा रोज बदला, म्हणजे उजेडाकडे बघायला मान दोन्ही बाजूंना वळते. मान सतत एकाच बाजूला कललेली राहत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

रातकिडा

सुतळी लावली. पलंगावर खड्डा पावणेदोन इंच, तीच गादी जमिनीवर टाकली तर पाऊण इंच. गादी काढल्यावर खालची फळी ६ मिमीची निघाली, मधोमध हाताने दाबली की लवते. शिवाय गादीच्या खालच्या अंगाला काळपट ठिपके आहेत. आता?

सुतारपक्षी

मग आधी माझं काम, नंतर फोमकरांचं. बॉक्स पलंगात खर्च वाचवायला ६ मिमी प्लाय सर्रास टाकतात. त्या जागी १८ मिमी घाला, निदान १२ मिमी आणि त्याखाली लांबीच्या दिशेने मधोमध एक उभी पट्टी, जमिनीपर्यंत पाय असलेली. नुसती आडवी पट्टी कडांना ठोकली तर तीही लवते. प्लाय ओलीत टिकणारा घ्या, तळमजला आहे.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. रात्रीचा घाम खाली उतरतो, बंद खोक्यात वारा नाही, तो फळी आणि गादीच्या मध्ये साचतो. नव्या फळीला साधारण एक इंच व्यासाची भोकं पाडून घ्या, सहा-सहा इंचांवर, आणि काठ पॉलिश पेपरने घासा नाहीतर खोळ फाटते. खोक्याच्या दोन बाजूंनाही जाळीची भोकं हवीत, नाहीतर वरची भोकं नुसती नक्षी. आत गच्च सामान कोंबू नका, वर दोन-तीन इंच मोकळे सोडा. फळीऐवजी पट्ट्या टाकणार असाल तर दोन पट्ट्यांमध्ये तीन इंचांपेक्षा जास्त अंतर नको, फोम त्यात उतरतो.

पलंग बाहेरच्या ओल्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा. गादीवर रबरी किंवा प्लास्टिकचं कव्हर घालू नका, घाम वरच अडकतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी भिंतीला तिरपी टेकवून तासभर पंख्याखाली ठेवा, आणि तेव्हाच खोळीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे बॅटरीने बघा. ढेकूण तिथेच काळे बारीक डाग सोडतात.

जुन्या गादीचं: ठिपके फक्त खोळीवर असतील तर खोळ बदलून चालेल. फोमपर्यंत गेले असतील तर ती फेका, धुऊन आतपर्यंत वाळत नाही. फळी बदलल्यावर लगेच नवी गादी मागवू नका. फोम स्वच्छ निघाला तर जुनीच गादी १८० अंश फिरवून टाका आणि दोन-तीन आठवडे झोपून बघा. पाऊण इंचाच्या खड्ड्यावर कंबर तक्रार करत नसेल तर सध्या फक्त उशीचा खर्च आहे.